धावण्याच्या सप्ताहाला पहिल्यांदा जाताना

आमच्या भागात धावणं म्हणत नाहीत, पळणं म्हणतात. बालाघाटाच्या डोंगरातल्या गावात एसटीतून उतरलात की पारावर बसलेलं कुणीतरी विचारतं, "पळायला आलाव का?" हो म्हणायचं, राम राम घालायचा आणि पुढच्या प्रश्नाची तयारी ठेवायची: "कोण गाव म्हणायचं?" या प्रश्नाला नीट उत्तर द्या. नुसतं पुणे किंवा मुंबई सांगून सुटू नका. मूळ गाव, आजोळ, सासर, जे काही मराठवाड्याला लागून असेल ते सांगा. नसेल तर तसंही सांगा. पुढचे सात दिवस तुम्हाला याच माणसांच्या हातचं पाणी प्यायचं आहे.

मी पाच वर्षं अशा सप्ताहाला, म्हणजे गावात राहून सात दिवस पळण्याच्या कार्यक्रमाला, जाते आहे. नव्या माणसांच्या चुका बहुतेक त्याच त्याच असतात. त्यांतल्या काही मीही केल्या आहेत. म्हणून हे सगळं क्रमाने लिहून ठेवते.

आधी सप्ताह म्हणजे काय ते समजून घ्या

मराठवाड्यात सप्ताह म्हटलं की अखंड हरिनाम सप्ताह. पहाटे काकडा, दिवसा ज्ञानेश्वरीचं पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, मग जागर, आणि शेवटच्या दिवशी काला. या सात दिवसांत वीणा जमिनीला टेकत नाही. एकाचा पहारा संपला की तो दुसऱ्याच्या गळ्यात वीणा देतो, पाया पडतो आणि जेवायला किंवा झोपायला जातो. सात दिवस एकट्याने वीणा धरून कुणी उभं राहत नाही, आणि तसं करावं अशी कुणाची अपेक्षाही नसते.

धावण्याचा सप्ताह गावाने याच साच्यात बसवून घेतलेला आहे. त्यामुळे मांडव कुठे घालायचा, पंगत कोणत्या दिवशी कुणाकडे, पाणी कुणी भरायचं, हे गावाला शिकवावं लागत नाही. शिकायचं असतं ते बाहेरून येणाऱ्याने. तो एका सकाळच्या मॅरेथॉनच्या हिशेबाने येतो, पहिल्या दिवशी सगळं ओतून मोकळा होतो आणि चौथ्या दिवशी मांडवात पाय लांब करून बसतो. तुम्ही पहारेकऱ्याच्या हिशेबाने या. रोज आपल्या वाट्याचं पळायचं आणि उद्यासाठी पाय शिल्लक ठेवायचे.

मी जाते तिथलं वेळापत्रक सांगते, म्हणजे अंदाज येईल. पहिल्या दिवशी ५ किलोमीटर, दुसऱ्या दिवशी ८, तिसऱ्या दिवशी घाट उतरून-चढून १०. चौथ्या दिवशी पळणं नाही, गावच्या पोरांच्या आणि बायकांच्या शर्यती. पाचव्या दिवशी पांदणीने, म्हणजे रानातल्या गाडीवाटेने, १२, सहाव्या दिवशी २१, आणि सातव्या दिवशी सगळ्यांनी मिळून ५. बेरीज साधारण ६० किलोमीटर. मोठ्या अंतरांच्या दिवशी निम्म्याची सोय असते. पहिल्या वर्षी सहाव्या दिवशी २१ च्या ऐवजी १०च घ्या, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. चालत पूर्ण केलं तरी कुणी काही म्हणत नाही.

दोन-अडीच महिने आधी

न थांबता ५ किलोमीटर पळता येत असेल तर दहा आठवड्यांत तयारी होते. तेवढंही येत नसेल तर आधी चालण्यापासून सुरुवात करा आणि सप्ताह पुढच्या वर्षी ठेवा.

या तयारीत वेगाचं काम जवळजवळ नाही. काम आहे ते लागोपाठच्या दिवसांचं. शहरातले पळणारे एक दिवस पळतात, एक दिवस सोडतात. सप्ताहात सोडायला दिवस एकच. म्हणून महिन्याभरानंतर शनिवार-रविवार सलग पळायला लागा, मग तीन दिवस सलग. सप्ताहाच्या तीन आठवडे आधी एकदा चार दिवस सलग पळून बघा, अंतर थोडं ठेवून. चौथ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठताना पाय काय सांगतात ते ऐका. तुमची खरी परीक्षा तीच. शेवटच्या दहा दिवसांत मात्र पळणं निम्म्यावर आणा. राहिलेली कसर शेवटच्या आठवड्यात भरून काढायला गेलेला माणूस दुखापत घेऊनच गावात उतरतो.

वेग किती ठेवायचा? शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर तुम्ही जोरात पळताय.

इथे भरतीच्या पोरांबद्दल सांगायलाच हवं. मराठवाड्यातल्या कुठल्याही डांबरी रस्त्यावर पहाटे पाचला पोरं-पोरी पळताना दिसतात. पोलीस शिपाई भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. वर्षानुवर्षं ती याच अंतरावर घासत असतात. सप्ताहाच्या पहिल्या सकाळी ती तुमच्या शेजारी उभी असतील आणि सुटताच बाणासारखी जातील. त्यांच्या मागे जाऊ नका. पहिल्या वर्षी मी गेले. दोन किलोमीटर त्यांच्यासोबत राहिले याचा आनंद दिवसभर पुरला. पण तिसऱ्या दिवशी घाट उतरताना उजव्या नडगीत अशी कळ आली की कठड्याचा दगड धरून उभी राहिले. पाचवा आणि सहावा दिवस मी पाण्याच्या टेबलाशी काढला.

उताराची सवय वेगळी करावी लागते. चढावर दम लागतो, उतारावर मांड्या फुटतात. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो. त्याची ठणक लगेच कळत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळते. शहरात डोंगर नसेल तर उड्डाणपूल पकडा, जिने उतरा. पावलं बारीक टाका, अंग मागे झोकू नका, टाच आपटू नका.

वय चाळिशीच्या पुढे असेल, रक्तदाब किंवा साखर असेल, घरात कुणाला कमी वयात हृदयाचा त्रास झाला असेल, तर तयारी सुरू करण्याआधी डॉक्टरांना भेटा आणि सांगतील त्या तपासण्या करा. नावनोंदणीच्या अर्जात रक्तगट, चालू औषधं आणि घरच्यांचा फोन नंबर खरा भरा.

पिशवीत काय

बूट नवे नकोत. किमान शंभर किलोमीटर पळून मऊ झालेले हवेत. शक्य असेल तर दोन जोड आणा, कारण दव पडलेल्या पांदणीतून आलेला बूट दुसऱ्या पहाटेपर्यंत वाळत नाही. मोजे पाच-सहा. सुती मोजे घाम धरून ठेवतात आणि फोड आणतात, ते टाळा. व्हॅसलीनची मोठी डबी. कपाळाला बांधायची बॅटरी, कारण सुरुवात अंधारात होते. पॉवर बँक, कारण विजेचा भरवसा नाही.

डिसेंबर-जानेवारीत डोंगरावर पहाटे चांगलंच गारठतं आणि दुपारी अकरानंतर ऊन भाजतं. स्वेटर, कानटोपी किंवा मफलर हवा आणि गॉगल-टोपीही हवी. अंथरायला चादर, पांघरायला जाड ब्लँकेट. मुक्काम बहुधा जिल्हा परिषद शाळेच्या खोलीत, सतरंजीवर असतो आणि खालची फरशी रात्रभर थंडी सोडत राहते.

स्वतःची पाण्याची बाटली, ताट-वाटी-पेला, चपला, ओआरएसची दहा-बारा पाकिटं, सुई, कापूस, चिकटपट्टी, जखमेवर लावायचं आयोडीनचं मलम. दहा-वीस-पन्नासच्या नोटा, कारण गावात नेटवर्क गेलं की फोनवरून पैसे जात नाहीत.

पोचणं

रेल्वेने लातूर गाठता येतं. अहिल्यानगरहून आष्टीपर्यंत रेल्वे २०२२ मध्ये आली, बीडपर्यंत २०२५ मध्ये. तिथून पुढे तालुक्याच्या गावापर्यंत एसटी. शेवटच्या दहा-पंधरा किलोमीटरचं आधी विचारून ठेवा. आडगावाला दिवसातून दोन-तीन गाड्या असतात, त्यातली एक मुक्कामी. ती चुकली तर जीप भरेपर्यंत फाट्यावर बसायचं. आदल्या दिवशी, उजेड असताना पोचा. उजेडात गाव एकदा चालून पाहिलेलं असलं की पहाटे अंधारात कुठे उभं राहायचं ते कळतं.

पोचल्यावर मारुतीच्या देवळासमोरच्या मांडवात नाव सांगून पावती फाडायची. नोंदणीची फी वेगळी आणि ही पावती वेगळी. ही पंगतीची वर्गणी असते. रक्कम कुणी सांगत नाही. पैशांऐवजी शिधा आणलात, पाच किलो तांदूळ, तूरडाळ, गूळ, तेलाचा डबा, तर तो आनंदाने घेतात.

गावात फिरताना बऱ्याच दारांना कुलपं दिसतील. जी दारं उघडी आहेत त्यांत म्हातारी माणसं आणि शाळेत जाणारी नातवंडं. बीड जिल्ह्यातली आणि आसपासच्या डोंगरातली हजारो कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ती गुढीपाडव्याच्या आगेमागे परत येतात. म्हणजे तुम्ही येता तेव्हा गावातली धडधाकट माणसं फडावर असतात. तुमच्या पंगतीला वाढणारा माणूस सत्तरीचा आहे आणि पाण्याच्या टेबलाशी उभी पोर सातवीत आहे, ती यामुळे. म्हणून आपलं ताट आपण घासा. रोज एका पंगतीला वाढायला उभे राहा. हंडे उचलायला हात लावा. हे सांगायची वेळ त्यांच्यावर येऊ देऊ नका, ते सांगणार नाहीत.

पाणी, हा विषय वेगळा

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. जिल्ह्याच्या शहराची ही गत झाली तर डोंगरमाथ्यावरच्या गावाची काय होत असेल ते समजून घ्या. बालाघाट हा पाणलोटाचा कणा आहे. एका अंगाचं पाणी मांजरेतून गोदावरीला जातं, दुसऱ्या अंगाचं सीनेतून भीमेला. माथ्यावर थांबत काहीच नाही. हिवाळ्यात विहिरींना पाणी असतं, पण पुढे मे महिना आहे हे गाव विसरत नाही.

आंघोळ अर्ध्या बादलीत करा. ती होते. आधी अंग ओलं करून ओल्या नॅपकिनने पुसून काढायचं, मग तांब्या-तांब्याने. पळताना पाण्याच्या टेबलाशी पेला अर्धा पिऊन उरलेलं रस्त्यावर ओतायची शहरातली सवय इथे पूर्ण सोडून द्या. पहिल्या वर्षी एकाने डोक्यावर पेला रिकामा केला. हंड्याशी बसलेल्या आजी काही बोलल्या नाहीत. फक्त ओल्या झालेल्या धुळीकडे बघत राहिल्या.

किती प्यायचं? तहान लागेल तसं. तासाला लिटर-लिटर साधं पाणी रिचवणं धोक्याचं आहे, रक्तातलं मीठ पातळ होऊन माणूस गळाठतो, भ्रमिष्टासारखा वागतो. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण टाकायचं असतं. अंदाजाने अर्ध्या बाटलीत अख्खं पाकीट किंवा पेलाभर पाण्यात चिमूटभर, असं करू नका. गावात लिंबू, मीठ आणि गुळाचं पाणी देतात. तासाभराच्या पळण्यानंतर ते उत्तम काम करतं.

पहाटेचा क्रम

साडेचारला काकड्याचे टाळ वाजतात, वेगळा गजर लावायची गरज पडत नाही. पोट मोकळं होण्यासाठी तासभर हातात ठेवा. शाळेचं स्वच्छतागृह एक आणि माणसं पन्नास. चहा, दोन-चार शेंगदाणे आणि गुळाचा खडा, यापेक्षा जास्त पोटात नको. दहा मिनिटं चालून अंग गरम करा. थंडीत ताठ झालेले पाय एकदम ताणायला जाऊ नका.

साडेपाच-सहाला निघालात की वाटेत हातात बॅटरी, खांद्यावर खोरं घेतलेली माणसं भेटतील. शेतीची वीज पाळीने येते आणि पुष्कळदा ती पाळी रात्रीची असते. गव्हाला, हरभऱ्याला रात्रभर पाणी देऊन ही माणसं घरी चाललेली असतात. आपण मजेने पळतोय आणि ते जागरण करून येतायत. थांबून राम राम म्हणा. एकदा असेच एक काका मला म्हणाले, "पळा, पळा. आमचं पळून झालं रातभर." त्या सकाळी पुढचं अंतर मला लांब वाटलं नाही.

रस्ता रोज बदलतो. डांबरीवर डाव्या-उजव्या कडेला उतार असतो, एकाच कडेने पळत राहिलात तर एका पायावर भार येतो. पण वाहन समोरून दिसलं पाहिजे, म्हणून वळणांवर उजवी कडच धरा. मुरमाचा रस्ता पायाला सगळ्यांत चांगला, फक्त उतारावर खडे घरंगळतात. पांदणीत बैलगाडीच्या चाकोऱ्या असतात, त्यात पाय मुरगळतो. नजर चार-पाच पावलं पुढे ठेवा. काळ्या रानात शिरू नका. कोरडं असेल तर भेगांमध्ये पाय अडकतो, ओलं असेल तर दहा पावलांत बुटाला एवढी माती चिकटते की पाय उचलत नाही. शिवाय ते कुणाचं तरी पीक आहे. बांधावरून एकामागे एक जायचं, हरभऱ्याचा डहाळा किंवा तुरीच्या शेंगा विचारल्याशिवाय तोडायच्या नाहीत. विचारलं की ओंजळभर मिळतातच.

कुत्री मागे लागली तर पळू नका. थांबा, नजर खाली ठेवा, हळू चालत बाहेर पडा. चावलंच, ओरखडा असला तरी, जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्या. हळद, मिरची, चुना काही लावू नका. अंधारात एकट्याने गावाबाहेर जाऊ नका, मग पळायला असो की परसाकडे. आष्टी तालुक्यात २०२० च्या हिवाळ्यात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेली आहेत. घोणस आणि फुरसंही याच रानात असतात. बूट पायात घालण्याआधी उलटा करून झटका.

चौथा दिवस

हा दिवस झोपून काढू नका. संपूर्ण सप्ताहात मला सगळ्यांत प्रिय हाच दिवस आहे.

सकाळी शाळेच्या मैदानात चुन्याची रेघ मारलेली असते. आधी लहान पोरं. निम्मी अनवाणी, काही चपला हातात धरून, एखादा गणवेशाच्या पॅंटीला सुतळी बांधून. मास्तरांनी शिट्टी वाजवली की धुळीचा लोट उठतो आणि त्यातून एक-एक डोकं बाहेर येतं. या पोरांना अविनाश साबळे माहीत आहेत. ते याच बालाघाटातले, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचे. शाळा सहा किलोमीटर लांब, तेवढं रोज चालत-पळत जाणारे. बारावीनंतर सैन्यात गेले, सियाचीनला राहिले, आणि शर्यतीचं पळणं त्यांनी सैन्यात असताना सुरू केलं. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीत, त्यांनी ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्य घेतलं. सुवर्ण अवघ्या ०.०५ सेकंदाने गेलं. पुढच्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेतलं. मैदानातल्या कुठल्याही पोराला विचारा, तो पायाने हवेत अडथळा ओलांडून दाखवतो.

पोरांना चॉकलेटं वाटू नका, शर्यतीचा सगळा नूर बिघडतो. काही द्यायचंच असेल तर मास्तरांकडे द्या. फोटो काढण्याआधी विचारा.

मग बायकांची शर्यत. नऊवारीचा काचा मारून, पदर खोचून, डोक्यावर भरलेली घागर घेऊन शंभर पावलं. पाहुण्या बायकांनाही बोलावतात. जा. घागर हिंदकळेल, अंग भिजेल. त्यानंतर गावातली एकही बाई तुम्हाला परकी समजणार नाही.

सप्ताहात येळवस आली तर मात्र त्या दिवशी सगळं बंद. मार्गशीर्ष अमावास्येला, म्हणजे वेळ अमावास्येला, लातूर-धाराशिवकडे आख्खं गाव रानात असतं. कडब्याची खोप, पांडवांची पूजा, भज्जी, बाजरीचे उंडे, मडक्यातली आंबील. कुणाच्या तरी रानात तुम्हाला नेलं जाईलच. पळण्याचा दिवस वाया गेला असं वाटून घेऊ नका. आंबील पिऊन बोरीच्या सावलीत झोपा.

ताट

पळून आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात सुशीला मिळते. भिजवलेले मुरमुरे, कांदा, मिरची, शेंगदाणे, डाळं, वरून लिंबू. हलकं, खारट, पायांना हवं तेच. दुपारी धपाटे आणि दही, किंवा भाकरी, येसराची आमटी, शेंगदाण्याची चटणी. रात्री हुलग्याचं शेंगोळं असलं तर पोटभर खा, थंडीत त्यासारखं काही नाही.

सावध राहायचं ते ठेच्यापासून. खाऊ नका असं नाही, पण २१ च्या आदल्या रात्री बोटभरच. दुसरी सावधगिरी आग्रहाची. चुलीपुढे बसलेली मावशी तव्यावरची भाकरी फुगवून निखाऱ्यावर उभी करते, धूर डोळ्यांत गेलेला, तळहात पिठाचे, आणि तीच गरम भाकरी थेट तुमच्या ताटात टाकते. तिला नको कसं म्हणणार? ताटावर हात आडवा धरा आणि म्हणा, "पोट भरलं मावशी, सकाळच्याला ठेवा." सकाळच्याला ठेवा म्हटलं की राग येत नाही. ताटात टाकून मात्र देऊ नका.

दुपारी दोन तास झोपा. रात्रीचं कीर्तन ऐकायचा मोह मला दर वर्षी होतो आणि दोन रात्री मी तो पुरा करते. बाकी रात्री नऊला आडवं व्हा. शेवटच्या दिवशीचा पाय झोपेतूनच मिळतो.

पाय बघायचे रोज

संध्याकाळी बूट-मोजे काढून बोटांच्या मधे, टाचेला, तळव्याला हात फिरवा. कुठे जागा गरम, लालसर लागत असेल तर फोड यायचाय. तेव्हाच चिकटपट्टी लावा. फोड आलाच आणि लहान असेल तर त्याला हात लावू नका. मोठा, दुखणारा असेल तर हात साबणाने धुवा, सुई उकळून घ्या, कडेला टोचून पाणी काढा, वरची कातडी तशीच राहू द्या, मलम लावून झाका. कातडी ओढून काढली की पुढचे दिवस गेले. मोज्यात कुसळं घुसतात, ती एकेक करून काढायची, झटकून निघत नाहीत. कंदिलाशी बसून मोजे निवडताना गप्पा छान होतात.

दुखण्यात फरक करायला शिका. दोन्ही मांड्या, दोन्ही पोटऱ्या सारख्या ठणकत असतील आणि चालल्यावर मोकळ्या होत असतील तर ते ठीक. एकाच पायात, एका बोटाने दाखवता येईल अशा जागी हाडावर दुखत असेल आणि पळताना वाढत असेल, तर थांबा. त्या दिवसापुरतं नव्हे, सप्ताहापुरतं थांबा.

मेडिकलमधून दुखीची गोळी घेऊन पळणारे मी पाहिले आहेत. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या गोळ्या, अंगातलं पाणी कमी झालेलं असताना घेतल्या की मूत्रपिंडावर ताण येतो. शिवाय दुखणं झाकलं जातं आणि इजा वाढते. पळण्याआधी नकोच. छातीत दाटणं, डावा हात किंवा जबडा दुखणं, चक्कर, उन्हात घाम अचानक थांबणं, बरळणं, यातलं काहीही झालं की पळणं बंद, सावलीत न्या, १०८ ला फोन करा. रुग्णवाहिका डोंगरात पोचायला वेळ घेते, म्हणून वाट बघत बसण्यापेक्षा फोन लवकर करा.

बायकांसाठी थोडं वेगळं

कपडे आपल्याला सोयीचे घाला, पण पायभर लेगिंग आणि सैल टी-शर्ट बरा पडतो. थंडी, कुसळं आणि बाभळीचे काटे, तिन्हींपासून वाचवतो. गावातून चालताना वर ओढणी किंवा जॅकेट घेतलं की म्हाताऱ्या माणसांशी बोलणं सोपं जातं. पहाटे जोडीने किंवा घोळक्याने निघा. पाळी येणार असेल तर पॅड पुरेसे आणा, गावच्या दुकानात मिळतीलच असं नाही. वापरलेले कागदात गुंडाळून परत घेऊन जा, कारण गावात कचरागाडी येत नाही आणि तो कचरा शेवटी कुणाच्या तरी रानात जातो. प्लॅस्टिकच्या पुड्या, एनर्जी जेलची पाकिटं यांनाही हेच लागू, आणि ते पुरुषांनाही.

शाळेच्या खोलीऐवजी एखाद्या घरात मुक्काम मिळाला तर घ्या. मी पहिल्या वर्षापासून एकाच आक्कांकडे उतरते. त्यांचा मुलगा आणि सून फडावर असतात, नातू आमच्या दोघींच्या मधे झोपतो. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "कशापाय पळता गं? कुणी मागं लागलंय का?" मी म्हणाले, "आक्का, बरं वाटतं." त्या म्हणाल्या, "मग पळ."

शेवटचा दिवस

सातव्या सकाळी पाच किलोमीटर, आणि सगळ्यांचा वेग सगळ्यांत हळू माणसाचा. पुढे गावातले सगळ्यांत वयस्कर बाबा, काठी घेऊन. मागे टाळ-मृदंग, मग आपण. घड्याळ खोलीतच ठेवा. वाटेत दारादारातून पायांवर पाणी घालतात, तेव्हा बूट भिजले म्हणून कुरकुर करू नका. मांडवात काल्याचं कीर्तन होतं, हंडी फुटते, ज्वारीच्या लाह्या आणि दह्याचा काला हातावर मिळतो. मग महाप्रसाद. त्या पंगतीला आपण वाढायचं आणि गावकऱ्यांना आधी बसवायचं. दर वर्षी त्यासाठी थोडी हुज्जत होते, पण ऐकून घेतात.

निघण्याआधी खोली झाडा, सतरंज्या उन्हात झटकून घडी घाला. परतीची गाडी दुपारची धरा, आणि घरी गेल्यावर आठवडाभर चालण्यावर राहा, पळायला दहा दिवसांनी लागा.

बूट अजून धड असतील आणि तुमच्याकडे दुसरे असतील तर इथेच सोडता येतात. पण कोपऱ्यात टाकून जायचं नाही. कुसळं काढा, माती ओल्या फडक्याने पुसा, दोन्ही नाड्या एकत्र बांधा, चिकटपट्टीवर पेनाने माप लिहून बुटाच्या जिभेला लावा आणि मास्तरांच्या हातात द्या. भरतीची तयारी करणाऱ्यांपैकी कुणाच्या पायाला ते बसतात, हे त्यांना माहीत असतं.